रोजगार हमी आणि व्यवसाय कर : महाराष्ट्रातील एका योजनेचा अर्थव्यवहार

महाविद्यालयीन शिक्षकांच्या वेतनपत्रकात कपातीच्या बाजूला 'व्यवसाय कर' असा एक लहानसा रकाना असतो. रक्कम किरकोळ असते. वर्षाकाठी फार तर २,५०० रुपये. आयकराच्या तुलनेत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बेळगाव किंवा हैदराबाद येथील शिक्षकांचाही हा कर कापला जातो, परंतु तेथे तो राज्याच्या सर्वसाधारण महसुलात जमा होतो. महाराष्ट्रात मात्र हा रकाना एका विशिष्ट हेतूने निर्माण झाला. नोकरदाराच्या पगारातून वर्षातून थोडे पैसे घ्यायचे आणि दूरच्या गावात काम मागणाऱ्या मजुराच्या हातावर मजुरी ठेवायची, असा तो व्यवहार होता. रोजगार हमी योजनेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; पण तिच्या यशापयशाचा विचार करताना या पैशाच्या बाजूकडे हवे तेवढे पाहिले गेले नाही, असे वाटते. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच बाजूचा विचार केला आहे.

संकटकाळी सरकारने काम द्यावे ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात मदतकामे निघाली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतील धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणले. मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने या धोरणाविरुद्ध निवेदने दिली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांमध्ये मदतीची व्यवस्था होती, परंतु दुष्काळ पडला आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार सरकारी अंमलदारांकडे होता. आणेवारी काढायची, अहवाल पाठवायचा, मंजुरीची वाट पाहायची आणि मग कामे सुरू करायची. सरकार दरबारी दुष्काळ नसेल तर उपाशी माणसाला काही मागता येत नव्हते. दुष्काळ सरला की कामेही बंद होत. कोरडवाहू मजुराचा चार-पाच महिन्यांचा रिकामा काळ दरवर्षी येतो, ही गोष्ट संहितेच्या कक्षेबाहेर राहिली.

नेमक्या या ठिकाणी वि. स. पागे यांनी बदल सुचविला. पागे हे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. सर्वोदयी वळणाचे, मितभाषी, सत्तेच्या राजकारणापासून काहीसे दूर असलेले हे गृहस्थ. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरातल्या ११ गावांत १९६९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने प्रयोग सुरू झाला. त्याचे तत्त्व 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत मावते. काम हवे आहे की नाही हे मजूर ठरवील, ते शोधून देणे ही शासनाची जबाबदारी राहील. मजुरी इतकी असावी की ज्याला दुसरीकडे बरे काम मिळते तो आपण होऊनच येणार नाही. त्यामुळे गरीब कोण हे ठरविण्यासाठी वेगळी यादी करण्याची गरज उरत नाही. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे असे समजावे. याच सुमारास, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरील आपल्या प्रसिद्ध प्रबंधात ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामांचा मार्ग मांडला आणि त्याचा भार सधन वर्गाने उचलावा असे सुचविले. पागे यांचा प्रयोग आणि या दोघांची मांडणी यांची दिशा एकच होती.

१९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. परंतु लगेच १९७२-७३ चा भीषण दुष्काळ अंगावर आला आणि योजना बाजूला ठेवून सरसकट दुष्काळी कामे काढावी लागली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, खडीचे ढीग, पाझर तलाव, नालाबांध हे शब्द त्या पिढीच्या तोंडी आजही येतात. पिके बुडूनही भूकबळींची लाट आली नाही, याचे श्रेय अभ्यासकांनी या कामांना दिले आहे. दुष्काळ ओसरल्यावर नेहमीप्रमाणे सर्व काही बंद झाले असते. तसे झाले नाही. लाखो माणसे कामावर एकत्र आली होती, मोर्चे निघत होते, आणि प्रशासनालाही एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामे काढता येतात हे कळून चुकले होते. योजना पुन्हा हाती घेण्यात आली.

आता पैशाचा प्रश्न. दुष्काळात केंद्राची मदत मिळते. कायमच्या योजनेला ती मिळणार नव्हती. १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कराचा कायदा झाला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर व जमीन महसूल यांवर वाढीव आकारणी, बागायती जमिनीवर विशेष आकारणी आणि शहरांतील बिगर-निवासी मालमत्तेवर उपकर असे कर आले. शहरातील दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलात 'रोजगार हमी कर' अशी ओळ दिसते, ती यातलीच. या सर्वांचे उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा करायचे आणि जेवढी वसुली होईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची, अशी तरतूद झाली. म्हणजे मुंबईतील कारकून, पुण्यातील प्राध्यापक, ट्रकचा मालक, बागायतदार आणि व्यापारी या सगळ्यांनी मिळून कोरडवाहू मजुराचा रिकामा काळ भरून काढायचा.

नोकरदार वर्गाने या कराला फारसा विरोध केला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रक्कम लहान होती हे एक कारण. त्या वेळी घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. ती २,५०० झाली १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने. दुसरे कारण परोपकाराचे म्हणता येत नाही. दुष्काळात गावे ओस पडून माणसांचे लोंढे मुंबईकडे येतात याची शहराला धास्ती होती. माणसाला गावातच काम मिळाले तर शहरावरचा ताण कमी होईल, हा हिशेब त्यामागे होता. बागायतदारांचाही फायदा होताच. पाझर तलाव सार्वजनिक, पण त्याचे पाणी ज्याची विहीर खाली असेल त्याला. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्‌स यांनी १९८३ मध्ये या योजनेतील वर्गहितसंबंधांची चिकित्सा करताना हीच बाजू दाखविली. त्यांची टीका योग्य आहे. मात्र तिचा दुसरा अर्थ असा की देणाऱ्यांचाही काही स्वार्थ गुंतलेला होता म्हणूनच योजना टिकली. केवळ सहानुभूतीवर उभ्या असलेल्या योजना पहिल्या आर्थिक अडचणीत बंद पडतात.

निधी आधी आला, कायदा नंतर. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागात आणि 'क' वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रात अकुशल अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला कामाचा हक्क मिळाला. मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, तोही किमान दिवसाला एक रुपया. भत्ता क्वचितच दिला गेला. काम पुष्कळदा दूर मिळे, मोजमापाला उशीर होई, हजेरीपटावर खोटी नावे चढत. तरीही तहसील कचेरीसमोर बसलेल्या मजुराला 'कायद्याने द्यावे लागेल' असे म्हणता येऊ लागले, हा फरक कमी नव्हता.

सर्वांत मोठा फरक पडला तो स्त्रियांच्या बाबतीत. मजुरी कामाच्या मापावर ठरत असल्याने एकाच कामासाठी बाईला कमी दर देण्याची शेतावरील रीत येथे चालत नव्हती. कामावर पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे असे नियम होते. ते सगळीकडे पाळले गेले असे नाही. कुमुदिनी दांडेकर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या पाहणीतून ही योजना स्त्रियांना रोजगाराची संधी म्हणून किती महत्त्वाची ठरली हे दिसून आले. विधवा, परित्यक्ता आणि ज्यांचे पुरुष ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेले आहेत अशा बायकांच्या संसाराला तो आधार होता. कुटुंबाची आर्थिक सुरक्षितता हा शब्दप्रयोग आपण आज सहजपणे करतो. त्या बायकांच्या लेखी तिचा अर्थ आठवड्याच्या बाजाराला हातात पैसे असणे एवढाच होता.

उतरती कळा कोठून लागली याविषयी मतभेद आहेत. १९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि न्यायालयाच्या निर्णयामुळे रोजगार हमीवरही तेच दर लागू झाले. मजुरी वाढली, परंतु कामावरील उपस्थिती घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या लेखात याचा अर्थ असा लावला की मागणी घटली नव्हती. खर्च आवरण्यासाठी कामे काढणेच कमी झाले होते. पुढे निधीतून जवाहर विहिरी झाल्या, १९९० पासून फळबाग लागवड आली. ही कामे उपयुक्त खरी, पण ती जमीनधारकांसाठी होती; भूमिहीनाच्या वाट्याला त्यातून थोडेच आले. नंतरच्या काळात करातून येणारे उत्पन्न योजनेवरील खर्चाहून अधिक राहू लागले. शिल्लक कागदोपत्री निधीत, प्रत्यक्षात राज्याच्या इतर खर्चात. प्रस्तुत लेखकाच्या मते योजनेचा खरा ऱ्हास येथे झाला. गावात मजूर असंघटित होऊन मागणीचा रेटा ओसरला, आणि शहरात कर भरणाऱ्याला तो कशासाठी भरतो याचा विसर पडला. दोन्ही टोके सुटल्यावर मधला निधी कोणाचाच राहिला नाही.

या हमीच्या कुंपणाबाहेर कोण राहिले, हेही पाहिले पाहिजे. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील मुस्लिम लोकसंख्येपैकी सुमारे ७० टक्के नागरी भागात राहत होती. मालेगाव किंवा भिवंडीतील यंत्रमाग कामगार, गाडीवाले, घरी बसून काम करणाऱ्या बायका यांच्या हाताला काम नसण्याचे दिवस असतातच, पण कायद्याने मान्य केलेले काम मातीचे आणि गावातले होते. याला विडी कामगारांचा थोडा अपवाद. १९७६ मध्ये केंद्राने विडीवर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी उभारला. त्यातून दवाखाने, घरासाठी साह्य आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या; निपाणी आणि सोलापूर येथील कितीतरी मुले त्या शिष्यवृत्तीवर शिकली. तत्त्व तेच होते, ठरावीक कर आणि ठरावीक माणसे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर हा उपकर रद्द झाला आणि हे कल्याणकार्य केंद्राच्या अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून राहिले.

निपाणीचा उल्लेख आला म्हणून सीमाभागाविषयी थोडेसे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूरकडे गेला. कागल आणि निपाणी यांच्यात अंतर सुमारे वीस किलोमीटर. जमीन, पीकपाणी, भाषा, सोयरसंबंध सगळे सारखे. कागलकडच्या शेतमजूर बाईला १९७९ मध्ये काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. कोगनोळीच्या नाक्यापलीकडच्या तिच्या बहिणीला तो मिळायला राष्ट्रीय कायदा व्हावा लागला. तो २००५ मध्ये झाला, २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि २००८ मध्ये सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला.

राष्ट्रीय कायद्याने महाराष्ट्राकडून मागणीचे तत्त्व घेतले, १५ दिवसांची मुदत घेतली, बेकारी भत्ताही घेतला. स्वतंत्र कराची कल्पना मात्र घेतली नाही. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून होऊ लागला आणि मजुरी वेळेवर मिळणे त्या वर्षीच्या तरतुदीवर ठरू लागले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत, बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्यात खर्चाची वाटणी ६०:४० अशी आहे, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभा आहे. राज्यांना पुन्हा आपापला वाटा उभा करायचा आहे. हा वाटा कोणाकडून आणि कोणत्या नावाने घ्यायचा, हा महाराष्ट्राने १९७५ मध्ये सोडविलेला प्रश्न आता इतर राज्यांपुढेही येईल.

शेवटी एक सूचना. १९७२-७३ च्या कामांवर गेलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. तहसील कचेऱ्यांतील त्या काळची हजेरीपत्रके जीर्ण झाली असतील, कित्येक ठिकाणी नष्टही झाली असतील. इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपापल्या गावच्या एखाद्या पाझर तलावाची हकिकत लिहावयास सांगावी : कोणी खोदला, मजुरी किती मिळाली, मुकादम कोण होता, आणि आज त्याचे पाणी कोणाच्या विहिरीला आहे. हे काम पुढच्या चार-पाच वर्षांतच करता येण्यासारखे आहे.