चौकटीच्या आतले कापड

फुली टाक्याचे मोठे काम पुरे व्हायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. शेवटचा टाका पडला की काम संपले असे भरणारीला वाटते. प्रत्यक्षात तिथून एक दुसराच व्यवहार सुरू होतो. कापड धुवायचे, ताणून सरळ करायचे, कडा दुमडायच्या, पाठीला पुठ्ठा द्यायचा, काच बसवायची आणि ते कोणत्या भिंतीवर लावायचे हे ठरवायचे. हा सगळा व्यवहार आपण कारागिरीच्या खात्यात टाकतो आणि विसरतो. वास्तविक छपाई, बांधणी, संपादन यांचा पुस्तकाच्या अर्थाशी संबंध असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको. भरलेल्या कापडाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. इंग्लंडमध्ये ज्याला ‘सॅम्प्लर’ म्हणतात त्या कापडाचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. कापड चौकटीत गेले की त्याचा वाचक बदलतो. आणि वाचक बदलला की त्यावर काय भरायचे, काय भरायचे नाही, हेही बदलते.

१.

‘सॅम्प्लर’ हा शब्द लॅटिन ‘एक्झेम्प्लम’पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ नमुना किंवा कित्ता. भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तके जर्मनीत १५२०च्या दशकात निघू लागली. त्याआधी, आणि त्यानंतरही बराच काळ, आवडलेली नक्षी जपून ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती एखाद्या तुकड्यावर टाक्यांनी उतरवून घेणे. सातव्या हेन्रीची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या खासगी खर्चाच्या हिशेबात १५०२ साली सॅम्प्लरसाठी घेतलेल्या लिनन कापडाची नोंद आहे. राणीलाही अशी टिपणवही लागत होती.

टिपणवहीच म्हणायचे, कारण हे कापड ‘पूर्ण’ होण्यासाठी नव्हतेच. नवी नक्षी दिसली की रिकाम्या जागेत भरायची, गरज पडली की काढून पाहायची. सतराव्या शतकातली सॅम्प्लरे वीतभर रुंद आणि बरीच लांब अशी पट्टीवजा असत. ती गुंडाळून पेटीत ठेवत. त्यांना भिंत ठाऊक नव्हती. वाचक एकच, आणि तोही बहुधा भरणारी स्वतःच.

तारीख घातलेले सर्वांत जुने ज्ञात ब्रिटिश सॅम्प्लर १५९८ सालचे आहे. जेन बॉस्टॉक या स्त्रीने ते भरले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर नक्ष्यांचे नमुने आहेत, अक्षरे आहेत आणि १५९६ साली झालेल्या अ‍ॅलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद आहे. टिपणवहीत घरातली एक घटना शिरली. स्वतःसाठी ठेवलेल्या कापडाला दुसऱ्या कुणाकडे पाहून बोलण्याची इच्छा झाली, ती अशी.

२.

भरणारी एक आणि ‘पूर्ण करणारी’ दुसरीच, हे याच काळातल्या एका प्रसिद्ध उदाहरणात दिसते. स्कॉटलंडची राणी मेरी १५६९पासून अर्ल ऑफ श्रूझबरीच्या नजरकैदेत होती. अर्लची पत्नी बेस ऑफ हार्डविक हिच्या सोबतीने तिने फुली टाका आणि तिरपा टाका वापरून कितीतरी लहान तुकडे भरले. पशुपक्ष्यांची चित्रे बऱ्याचदा कॉनराड गेसनर या स्विस निसर्गअभ्यासकाच्या ग्रंथांतून घेतलेली होती. पण ती निव्वळ नक्कल नव्हती. एका तुकड्यावर लालसर मांजर आहे, तिच्या डोक्यावर मुकुट आहे आणि समोर उंदीर आहे. लाल केसांच्या एलिझाबेथ राणीचा संदर्भ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वेलीची फांदी छाटणारा हात आणि जखमेतून सद्गुण बहरतो अशा अर्थाचे लॅटिन वचन असलेली एक उशी तिने ड्यूक ऑफ नॉरफोकला पाठवली होती. ड्यूकवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ती उशी पुराव्यात आली. १५७२ साली त्याचा शिरच्छेद झाला. टाके वाचले जात होते, आणि वाचनाची किंमत जिवाने चुकवली जात होती.

मेरीचा शिरच्छेद १५८७ साली झाला. तिचे तुकडे पुढे सतराव्या शतकात हिरव्या मखमलीवर बसवून त्यांचे मोठे पडदे करण्यात आले. नॉरफोक परगण्यातल्या ऑक्सबर्ग हॉल या वाड्यात ते आहेत आणि त्या वाड्याच्याच नावाने ओळखले जातात. आज आपण पाहतो तो क्रम, शेजार आणि समतोल मेरीचा नाही. कोणते चित्र मध्यभागी यावे, कशाच्या बाजूला काय असावे, हे तिच्या मृत्यूनंतर कुणीतरी ठरवले. कवीच्या मागे उरलेल्या सुट्या कागदांचा संग्रह संपादकाने सिद्ध करावा, तसाच हा प्रकार आहे. संपादकाचे आभार मानायचेच. मात्र त्याने लावलेला क्रम कवीचा समजण्याचे कारण नाही.

३.

अठराव्या शतकात सॅम्प्लरचा आकारच पालटला. लांब पट्टी जाऊन चौरसाकडे झुकणारे कापड आले. चहूबाजूंनी वेलबुट्टीची किनार, वर वर्णमाला आणि अंक, मध्ये नीतिपर पद्य, खाली घर, झाड, कधी आदम आणि हव्वा, आणि शेवटी मुलीचे नाव, वय, साल. टाक्यांची जुनी विविधता ओसरली आणि फुली टाका प्रमुख झाला. हे कापड चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगले जाऊ लागले. कापडावर भरलेली किनार ही लाकडी चौकटीच्या आतली दुसरी चौकटच होती.

गुंडाळीचा वाचक भरणारी स्वतः होती. भिंतीवरच्या कापडाचे वाचक म्हणजे पाहुणे, नातलग, होणारे व्याही. टिपणवहीचे प्रमाणपत्र झाले. मुलगी शिकली आहे, धीराची आहे, धर्मभीरू आहे, हे भिंत सांगू लागली. प्रमाणपत्रात खाडाखोड चालत नाही, शंका चालत नाही. म्हणून पद्येही ठरावीक आली: आज्ञाधारकपणा, मृत्यूचे स्मरण, देहाची नश्वरता. आठ-नऊ वर्षांच्या मुलींनी ती अक्षर अक्षर मोजून भरली.

गरिबाघरच्या मुलींसाठी हेच कौशल्य पोटापाण्याचे होते. मोठ्या घरांतल्या चादरी, टॉवेल, रुमाल यांवर मालकाची आद्याक्षरे आणि क्रमांक फुली टाक्याने घालत, म्हणजे धुलाईत कपडे हरवत नसत. घरकामाला जाणाऱ्या मुलीला हे यावेच लागे. ब्रिस्टलच्या अ‍ॅशले डाऊन अनाथालयातल्या मुलींची एकोणिसाव्या शतकातली सॅम्प्लरे याची साक्ष देतात: लाल धाग्यात दाटीवाटीने बसवलेल्या वर्णमाला आणि अंक. ते नोकरीच्या अर्जाला जोडायचे कापड होते. रोझिका पार्कर यांनी १९८४ सालच्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या पुस्तकात दाखवले की, भरतकाम हे स्त्रीला ‘स्त्री’ म्हणून घडवण्याचे साधन होते, आणि त्याच सुईने त्या घडवणुकीला विरोधही करता येत होता. चौकटीचा इतिहास या विधानाला एक पुरवणी जोडतो. विरोध पुष्कळदा तिथे सापडतो जिथे कापड चौकटीची अट पाळत नाही.

४.

याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण एलिझाबेथ पार्कर हिचे. १८१३ साली जन्मलेली ही मुलगी ससेक्समधल्या अ‍ॅशबर्नहॅम गावच्या एका मजुराची. लहान वयात ती घरकामाला लागली. १८३०च्या सुमारास तिने एका लिनन कापडावर लाल रेशमाने, फुली टाक्यात, सुमारे सतराशे शब्द भरले. किनार नाही, वर्णमाला नाही, घर नाही, झाड नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीमागून ओळ. लांबून पाहिले तर नुसता लालसर ठोकळा. वाचायचे तर अगदी जवळ जावे लागते.

आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून हे साधेपणाने इथे मांडते, अशा आशयाने ती सुरुवात करते. मग सांगते ते असे: मालकाने केलेले अत्याचार, जिन्यावरून ढकलून दिल्याची घटना, जीव देण्याचा वारंवार येणारा मोह, त्या विचाराचे पाप, एका डॉक्टराने आस्थेने ऐकून घेतलेले बोलणे, आणि क्षमेसाठी ईश्वराची आळवणी. शेवट आपल्या आत्म्याचे काय होणार या प्रश्नापाशी येतो आणि मजकूर ओळीच्या मधोमध थांबतो.

मराठीत ‘फुली’ या शब्दाला जी छटा आहे ती इथे आपोआप उमटते. चुकलेल्या उत्तरावर आपण फुली मारतो, नको असलेले नाव फुली मारून रद्द करतो. इंग्लंडमध्ये निरक्षर माणूस सहीच्या जागी फुली करी. लिहिता येत नाही म्हणणारी एलिझाबेथ ही फुली हजारो वेळा करते आणि तिच्यातून अक्षरे उभी करते. मालकाच्या चादरींवर त्याची आद्याक्षरे घालायला शिकवलेला टाका तिने मालकाविरुद्धच्या साक्षीसाठी वापरला. लाल धागाही तोच, चादरीवर खूण घालण्याचा.

हे कापड १९५६पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. समजा, मधल्या सव्वाशे वर्षांत ते कुणा टापटीप माणसाच्या हाती लागले असते. त्याने शेवटच्या ओळीखालचे कोरे कापड पुठ्ठ्यामागे दुमडले असते, चारी बाजूंना सारखा समास राखला असता, आणि काम ‘नीट’ झाले असते. टाका एकही हरवला नसता. पण मजकुराखाली अजून जागा होती, धागा होता, आणि तरीही ती थांबली, ही गोष्ट हरवली असती. कोरे कापड हा या संहितेचा भाग आहे. पुढे एलिझाबेथ आपल्याच गावी शिक्षिका झाली आणि १८८९ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी वारली, हे आज आपल्याला माहीत आहे. चरित्राने उत्तर दिले. कापडाने दिले नाही, आणि त्याच्या वतीने ते आपण देऊ नये.

५.

चौकटीची अट वरवर पाळून ती आतून फोडणारेही निघाले. ब्रिटिश सैन्यातले मेजर अ‍ॅलेक्सिस कॅसडागली १९४१ साली क्रीटच्या लढाईत जर्मनांच्या हाती सापडले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी युद्धकैद्यांच्या छावणीत एक सॅम्प्लर भरले. मधोमध स्वतःचे नाव, कैदेचा तपशील, चिन्हे. भोवती ठिपके आणि रेघांची किनार. पाहणाऱ्यांना ती किनारच वाटली. छावणीच्या अधिकाऱ्यांना हे काम इतके आवडले की त्यांनी ते एकापाठोपाठ एक चार छावण्यांत लोकांना पाहायला ठेवले. ते ठिपके आणि रेघा मोर्स लिपीतल्या होत्या. त्यांत आपल्या राजाला ईश्वराने तारावे ही प्रार्थना होती आणि हिटलरला दिलेली एक अर्वाच्य शिवी. शत्रूच्याच हातून झालेले हे प्रकाशन. चौकटीकडे कुणी वाचायला म्हणून पाहत नाही, हे त्या कैद्याने बरोबर ओळखले होते.

६.

आपल्याकडे मॅटीच्या कापडावर फुली टाक्याने भरलेले ‘सुस्वागतम्’, मोर, राधाकृष्ण ही मराठी दिवाणखान्यांतली परिचित दृश्ये होती. या चौकटींचे कूळ वर सांगितलेल्या इतिहासाशी जुळते. त्याआधीपासून दक्षिण महाराष्ट्रात वापरात असलेली, कर्नाटकातली कशिद्याची परंपरा मात्र वेगळी. कसुतीत ‘हेंथी’ हा फुलीचाच टाका आहे. पण ‘गवंती’ आणि ‘मुर्गी’ हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. पदर वाऱ्याने उलटतो, तेव्हा उलट बाजूही नीटस हवी. चौकटीला उलट बाजूच नसते. पुठ्ठा ती कायमची झाकून टाकतो.

गंमत अशी की, काळ लोटल्यावर तीच झाकलेली बाजू खरी ठरते. प्रकाशाने पुढचे रंग विटतात; जुन्या चौकटी उघडल्या की मागे मूळचा हिरवा, मूळचा गुलाबी अजून शाबूत सापडतो. जुन्या पद्धतीत कापड लाकडी फळीवर लोखंडी चुकांनी ठोकत किंवा पुठ्ठ्याला चिकटवत. चुका गंजल्या, लाकडातल्या आणि हलक्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कापड तपकिरी पडले, काचेला टेकलेल्या टाक्यांवर दमट हवेत बुरशी धरली. आजचे संवर्धक म्हणून आम्लरहित पुठ्ठा वापरतात, गोंद टाळून कापड मागून दोऱ्याने ताणून बांधतात, काच आणि टाके यांत अंतर ठेवतात आणि प्रकाश सुमारे ५० लक्सच्या आत राखतात. या सगळ्यामागचे सूत्र एकच: आज केलेले उद्या उलगडता आले पाहिजे.

पाठचिकित्सेत आपण हेच शिकतो आणि शिकवतो. संपादकाने काय केले हे दिसावे, आणि त्याने केलेले बाजूला सारून मूळ पाठाकडे परत जाता यावे. बहुतेक स्त्रियांनी कागदावर काहीच मागे ठेवले नाही अशा काळाचा मजकूर पुष्कळदा अशा कापडांवरच आहे. तेव्हा आपल्या घरातले एखादे जुने कापड चौकटीत घालायची वेळ आली, तर कडा कापू नयेत, कोरी जागा दुमडून टाकू नये, आणि भरणारीचे नाव व साल ठाऊक असेल तर ते मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते. मागची बाजू कधीतरी येणाऱ्या वाचकासाठी असते.