छोटी लाइन

मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मुलांना घेऊन गेलो होतो. २००२ सालचं हे संग्रहालय. आवारात मुलांसाठी लहानशी गाडी फिरते. एकानं विचारलं, "सर, खरी गाडी कुठे जायची?"

इतवारीहून उमरेड, भिवापूर, नागभीड. बंगाल-नागपूर रेल्वेनं १९०८ मध्ये सुरू केलेली, अडीच फुटी रुळांची ही वाट. आम्ही तिला छोटी लाइनच म्हणायचो. अब्बा मोमिनपुऱ्यातल्या दुकानासाठी भिवापुरी मिरचीची पोती याच गाडीनं आणत. मग सगळा डबा शिंकायचा!

नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली थांबलेल्या उंचावरच्या मालगाडीच्या रुळांवर २००९ मध्ये फिरायला बाग झाली, हाय लाइन. कौतुक आहेच. पण तिथे गाडीची गरज संपली होती. इथे उमरेडच्या मजुराची संपली नव्हती. रूळ उखडले, नवे व्हायला वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं तो बसचं जास्तीचं भाडं भरत राहिला. संग्रहालयात इंजिनं जपली, बरं केलं. या खर्चाची पाटी मात्र तिथे दिसली नाही.

घरी अब्बांना फोटो दाखवला. डब्याकडे पाहून म्हणाले, "पोती कुठं ठेवायचो ते दिसत नाही यात."