फ्लाइंग राणी आणि तीन बोटं

मंडळी, 2 ऑगस्ट जवळ आला की आपल्याकडची जुनी माणसं 1954 च्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी काढतात. मी सिल्वासात आलो 1984 साली, दवाखाना थाटायला. त्यामुळे माझ्याकडचा इतिहास दातांचा, आणि त्यात माझी एक चूकही आहे.

आमच्या धंद्याचा कायदा तेव्हा 1948 चा होता. डिग्री घ्या, रजिस्टरमध्ये नाव घाला, वेळच्या वेळी फी भरा, झालं! त्यानंतर नवीन काही शिकलात का, हे कोणी विचारत नसे. मुंबईत चार डॉक्टर भेटले की निदान कानावर काही पडायचं. इथे विचारायचं कोणाला?

म्हणून अधूनमधून रविवारी पहाटे स्कूटरने वापी गाठायचो आणि फ्लाइंग राणी पकडायचो. डबल डेकर डब्यात वरची जागा मिळाली की स्वारी खूश. मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर डेंटल कॉलेज हाकेच्या अंतरावर. 1933 सालचं कॉलेज, माझंही तेच. दिवसभर व्याख्यानं ऐकायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. बायको म्हणायची, "आता कसली परीक्षा राहिलीय तुमची?"

पहिल्याच फेरीत कळलं, की मी हत्यारं पातेल्यात उकळतो ते पुरेसं नाही. काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. त्यांना दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. उसने पैसे काढून ऑटोक्लेव्ह घेतला.

दुसरा धडा महागात पडला. तेव्हा इथे कारखाने भराभर उभे राहत होते. सुताच्या कारखान्यातला एक पोरगा यायचा, विशीतला. तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची. खिशात सुपारीची पुडी कायम. मी तोंड आल्याचं समजून दोनदा बी कॉम्प्लेक्स दिलं. पुढच्या महिन्यात नायरला पडद्यावर एक फोटो दिसला: पांढरटलेले गाल, जेमतेम उघडणारं तोंड. पोटात गोळाच आला. हा सबम्युकस फायब्रोसिस. 1953 मध्येच जोशी नावाच्या आपल्या एका डॉक्टरांनी त्यावर लिहिलं होतं. सुपारीने होतो, घट्ट झालेलं तोंड पुन्हा पूर्ववत होत नाही आणि पुढे कॅन्सरचा धोका. सोमवारी त्याच्या खोलीवर गेलो. कुलूप. काम सोडून गेला होता, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

2007 साली डेंटल कौन्सिलने नियम केला: पाच वर्षांत शिक्षणाचे 150 गुण मिळवायचे. उशिरा का होईना, बरं झालं. पण मागच्या रांगेत डुलकी काढणाऱ्यालाही गुण मिळतात, हे मी पाहिलंय. 2020 नंतर तर व्याख्यानं घरबसल्या मोबाइलवर आली. ती चालू ठेवून भाजी निवडणारेही आहेत. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, शिकलेलं मात्र पेशंटच्या तोंडात दिसतं.

त्या सोमवारपासून दात दुखतोय म्हणून आलेल्यालाही मी आधी सांगतो, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला बघू. आज घरी तुम्हीही करून बघा, आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांना तर नक्की करायला लावा. तीन बोटं मावली नाहीत, तर माझ्याकडे या, नाहीतर जवळच्या कुठल्याही डेंटिस्टकडे जा, पण थांबू नका.