नोंदवहीतली लस आणि बाटलीतली लस



आजच्या व्याख्यानाची सूचना वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "जन्मभर न्याय-वैशेषिक शिकवलंत आणि आता गुरांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटावर बोलणार?" आम्ही म्हटलं, हो, बोलणार. कारण 'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर पडला. ग्रंथ पुढे आले.

साल साधारण १९६२-६३. आम्ही दहा-बारा वर्षांचे असू. गावापासून दोन कोसांवर गुरांचा दवाखाना होता. तिथे एक पर्यवेक्षक असत, त्यांना सगळे स्टॉकमन म्हणत. इंग्रजीत 'स्टॉक' म्हणजे जनावरंही आणि साठाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या टेबलावर कायम स्टॉक रजिस्टर उघडं असे, म्हणून ते स्टॉकमन, अशी आमची समजूत. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमचा ढवळ्या बैल घटसर्पाने गेला. सकाळी वैरण सोडली, दुपारी गळा सुजला, घशात घरघर सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपला. पेरणी तोंडावर आलेली आणि बैलजोडीतला एक गेलेला. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय, ते इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना सांगायला नको.

वडील आम्हाला घेऊन दवाखान्यात गेले. भांडायला गेले नव्हते. त्यांना एवढंच विचारायचं होतं, "साहेब, लस होती का नव्हती?" स्टॉकमननी रजिस्टर पुढे केलं. घटसर्पाची लस, शिल्लक शंभर मात्रा. वडील म्हणाले, "मग टोचली का नाही?" त्यावर ते जे बोलले ते आम्ही विसरलेलो नाही. "अण्णा, फ्रीज रॉकेलवरचा. महिना झाला, रॉकेल आलेलं नाही. वैशाखभर ही लस अशीच कपाटात पडून आहे. टोचली असती तर कागदावर टोचल्याची नोंद झाली असती, जनावराला उपयोग झाला असता का ते मला सांगता येत नाही. नवीन मागवली, तर वरून उत्तर आलं की तुमच्याकडे शंभर मात्रा शिल्लक दिसतात, आधी त्या संपवा."

आणि खराब झाली म्हणून काढून टाकावी, तर निर्लेखनाला वरचा हुकूम लागतो. म्हणजे पाहा, बिघडलेली लस नुसती निरुपयोगी नव्हती. नोंदवहीत बसून ती चांगल्या लशीची वाट अडवत होती. कारकुनी चूक म्हणावी, तर एकही आकडा खोटा नव्हता.

आज आपण या शंभर मात्रांचा इतिहास पाहणार आहोत. गुरांच्या औषधांचा साठा माणसाने कसा केला, त्यात काय चुकलं, त्यातून तो काय शिकला.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. घोड्यांची निगा राखणाऱ्याने महिन्याभराची सामग्री कोशातून आणि कोठारातून उचलायची, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे महिन्याच्या पुरवठ्याची कल्पना तेव्हापासून आहे. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच प्रकरणातला दंड. उपचारातल्या किंवा औषधातल्या दोषामुळे रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड; त्या दोषाने जनावर गेलं, तर जनावराच्या किमतीएवढा. आणि हाच नियम गायी, म्हशी, उंट, गाढवं, शेळ्यामेंढ्या यांनाही लागू. कौटिल्याने हिशेब कोठारापाशी थांबवला नाही, तो जनावरापर्यंत नेला. औषध दिलं की नाही, एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. गुण आला की नाही, हे तो विचारत होता.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. गुरांचा तेव्हाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुळकांडी. इंग्रज तिला रिंडरपेस्ट म्हणत. ज्या कळपात आधी कधी आली नाही तिथे शिरली, तर बहुतेक सगळा कळप घेऊन जाई. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या आयोगाचा गुरांच्या साथींवरचा अहवाल १८७१ चा. तेव्हा उपाय म्हणजे आजारी गुरं वेगळी काढणं. कपाटात ठेवावं असं खात्रीचं औषध नव्हतंच.

१८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जनावरांच्या इस्पितळाच्या आधाराने. १८८९ मध्ये आपल्या पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. पण चार वर्षांत, १८९३ मध्ये, ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. का? एक तर असले जंतू भरवस्तीत, गुराढोरांच्या शेजारी ठेवणं धोक्याचं. आणि दुसरं म्हणजे थंड हवा. आज दवाखान्यातला फ्रीज जे काम करतो, ते त्या काळात सात हजार फुटांवरच्या डोंगराने केलं. नैनीतालच्या पलीकडचा तो डोंगर हे आपल्या देशातलं पशुवैद्यकाचं पहिलं शीतकपाट होतं म्हणा ना.

तरीही जंतू बाटलीत टिकत नसे. तो जिवंत ठेवायचा तर एका जनावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात टोचत न्यावा लागे. साठा करायचं भांडं म्हणजे जिवंत जनावरच. पुढे १९२० च्या दशकात तिथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमधून वारंवार नेऊन सौम्य केला, आणि आपल्याकडच्या गुरांना सोसेल अशी लस हाती आली. मग ती वाळवून, गोठवून ठेवण्याचं तंत्र आलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली ती या जोरावर.

१९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली लस तयार केली. ही फार मोठी गोष्ट. एकदा टोचली की जनावराला जन्मभर पुरे, आणि स्वस्त. पण तिचंही एक दुखणं होतं. थंडाव्याबाहेर ती टिकत नसे, आणि पाण्यात कालवली की काही तासांत संपवावी लागे. म्हणजे प्रयोगशाळेत उत्तम, जिल्ह्याच्या गावी ठीक, आणि जिथे रस्ताच जात नाही तिथे संशयास्पद. बुळकांडी नेमकी तिथेच दडून बसली होती.

इथे आम्हाला आमच्या विषयाकडे थोडं वळू द्या. वैशेषिकांनी पुढे अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. 'नसणं' हीसुद्धा जगातली एक दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि ते नसण्याचे प्रकार करतात. घडा घडण्यापूर्वी नसतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. घडा घडला की तो संपला. घडा फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. तोच घडा परत येत नाही.

आता दवाखान्याच्या भाषेत बोलू. लस अजून आलेली नाही, हा प्रागभाव. मागणीपत्र वेळेवर पाठवा, तो संपेल. लस उन्हाने गेली, हा प्रध्वंसाभाव. ती पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलीत म्हणून जिवंत होत नाही. आणि गंमत अशी, की काही लशी उन्हाने मरतात आणि काही गोठल्याने. तुरटीच्या जातीचे क्षार घातलेली लस बर्फाच्या खणात ठेवली की वाया गेली. काळजी घेणाऱ्याच्याच हातून ती जाते! बाटली तशीच, चिठ्ठी तशीच, आकडा तसाच. आमच्या स्टॉकमनच्या रजिस्टरात आवक होती, जावक होती, शिल्लक होती. प्रध्वंसाभावाला रकाना नव्हता.

जगाने हा रकाना हळूहळू तयार केला. माणसांच्या लशीत १९९६ पासून पोलिओच्या बाटलीवर उष्णतेने रंग बदलणारी खूण आली. बाटली स्वतःच सांगू लागली की मी किती ऊन सोसलं. गुरांच्या बाबतीत दुसरी वाट निघाली. जेफ्री मरिनर यांनी प्लोराइट यांच्याच लशीला उष्णता सोसेल असं रूप दिलं. शीतसाखळीबाहेर सुमारे महिनाभर चालेल अशी ही लस आफ्रिकेत गुराख्यांमधल्याच शिकवलेल्या माणसांच्या पाठीवरून वाड्यावस्त्यांवर गेली. आपल्याकडे १९९५ नंतर बुळकांडीची नोंद नाही. २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसरा रोग.

इथपर्यंत आपण 'असून नसलेल्या' औषधाचं पाहिलं. आता उलट बाजू. जे असायला नको ते कपाटात असणं.

डायक्लोफिनॅक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. गुडघे दुखतात, आम्हीही घेतो. नव्वदच्या दशकात हे स्वस्त औषध गुरांसाठी गावोगावच्या कपाटात पोचलं. लंगडणारा बैल उभा राहू लागला. पशुवैद्यही खूश, मालकही खूश. त्याच सुमारास गिधाडं नाहीशी होऊ लागली. भरतपूरच्या अभयारण्यातली घट विभु प्रकाश यांनी नोंदवली, आणि २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण दाखवून दिलं. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढ्यात हे औषध असेल, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसं होतं, असं गणित निघालं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाला परंपरेने चालत आलेल्या अंत्यविधीसाठी सौर परावर्तक बसवावे लागले, ते यामुळे.

२००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हाताशी होतं. तरी विष थांबलं नाही. का? कारण माणसांसाठीच्या मोठ्या, अनेक मात्रांच्या बाटल्या बाजारात होत्या, आणि गुराला मात्रा मोठी लागते. मग २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीची बाटली तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेची केली. बंदीचा हुकूम एकट्याने जे करू शकला नव्हता, त्याला बाटलीच्या मापाची जोड द्यावी लागली. कपाटात काय ठेवायचं याइतकंच ते केवढ्या बाटलीत ठेवायचं, हेही महत्त्वाचं असतं. ते ठरवताना ओट्यावर उभा असलेला बैल दिसतो. आभाळातलं गिधाड दिसत नाही.

आता शेवटचा साठा. बुळकांडी गेली, पण तिचा विषाणू जगभरच्या प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत उरला होता. कुठे संशोधनासाठी, कुठे निदानासाठी, कुठे तर कुणी ठेवला हेही विसरलेल्या बाटल्यांत. २०११ नंतर मोठं काम सुरू झालं ते मोजदादीचं: कुणाकडे किती आहे ते शोधा, मोजक्या ठिकाणी आणा, उरलेलं नष्ट करा. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेकडे सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक होता. त्यांनी प्रत्येक नमुन्याची जनुकीय नोंद काढून घेतली आणि २०१९ मध्ये साठा नष्ट केला. म्हणजे आता नोंदवहीत आहे, बाटलीत नाही. आमच्या स्टॉकमनच्या रजिस्टराच्या अगदी उलट, आणि या वेळी तेच बरोबर. रोगाचा प्रध्वंसाभाव अनंत व्हायचा, तर त्याचा एकही घडा मागे राहता कामा नये.

इथे काही तरुण पशुवैद्य दिसतात. त्यांना आम्ही काय सांगणार? ज्या बाटलीची मुदत आधी संपते ती पुढे ठेवा, हे त्यांना पाठ आहे. फ्रीजचं तापमान रोज दोनदा लिहा, हेही. आमची विनंती एवढीच, की 'शिल्लक' लिहिताना त्या शेजारी आणखी एक रकाना मनात धरा: यातलं खरोखर उपयोगाचं किती? आणि जे वाया गेलं ते वाया गेलं असं लिहायला घाबरू नका. वरच्या खुर्चीत बसलेल्यांना आमची विनंती जास्त आहे. तसं लिहिणाऱ्याला शिक्षा करू नका. तुम्ही शिक्षा केलीत, तर नोंदवह्या भरलेल्या राहतील आणि गोठे रिकामे होतील.

त्या वर्षी वडिलांनी शेजाऱ्याचा बैल उसना घेऊन पेरणी केली. परतताना वाटेत आम्ही त्यांना विचारलं होतं, "अण्णा, मग लस होती का नव्हती?" ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहीत होती रे."