वेताळाला मराठी कुणी शिकवली?

मराठी बालसाहित्याच्या इतिहासाची पाने चाळताना काही नावे हमखास भेटतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या भेटतो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटतो. भेटत नाही तो वेताळ. जांभळा पोशाख घातलेला, डोळ्यांवर मुखवटा चढवलेला, कवटीच्या सिंहासनावर बसणारा हा नायक मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी वाचला, पण साहित्याच्या इतिहासकाराला तो दिसला नाही. त्याची कारणे उघड आहेत. तो मूळचा परका होता, स्वस्त कागदावर छापलेला होता आणि त्याच्या संवादांची संपूर्ण भिस्त चित्रांवर होती. आपल्याकडे चित्राखालचे गद्य हे गद्य मानण्याची रीत नाही.

प्रस्तुत लेखात मी माझ्या आवडीच्या पाच पात्रांविषयी लिहिणार आहे : वेताळ, लोथार, बहादूर, शिकारी शंभू आणि चिंटू. ही निवड अर्थातच व्यक्तिगत आहे. परंतु ती करताना एक प्रश्न पाठ सोडत नाही, आणि तो व्यक्तिगत नाही. या पात्रांमध्ये मराठी असे किती आहे, आणि ते त्यांच्यात कुणी आणले?

प्रथम थोडा इतिहास. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा ‘फँटम’ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकेतून अवतरला. त्याच लेखकाचा जादूगार मँड्रेक त्याच्या दोन वर्षे आधीचा, म्हणजे १९३४ सालचा. भारतीय वाचकाला फँटम चाळीसच्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून परिचित झाला होता. परंतु तो घराघरांत पोचला तो मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने मुंबईतून सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे. पहिले बत्तीस अंक केवळ त्याच्याच कथांचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी मंडळी आली आणि इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा भाषांतून अंक निघू लागले. १९९० साली ही मालिका थांबली तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या वर गेली होती.

हे अंक विकत घेणारे घर एक असे आणि वाचणारी घरे दहा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत चाळी पडून सोसायट्या उभ्या राहत होत्या त्या काळात स्टेशनावरचे पुस्तकांचे दुकान, रद्दीवाला आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी छोटी लायब्ररी या तिघांनी मिळून या वाचनाचा सगळा व्यवहार सांभाळला. सार्वजनिक ग्रंथालयाचा त्यात वाटा जवळजवळ नव्हता. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता नावाविषयी. फँटमसाठी बंगालीत दोन नावे रुळली. इंद्रजालच्या अंकांत तो ‘बेताल’ होता, तर ‘आनंदबाजार पत्रिके’च्या वाचकांसाठी ‘अरण्यदेव’. दोन्ही नावे शेजारी ठेवली की भाषांतरकाराच्या निवडीचे वजन कळते. ‘अरण्यदेव’ हे त्या पात्राचे वर्णन आहे. ‘वेताळ’ हे वर्णन नाही, तो एक अख्खा वारसा आहे. मराठी वाचकाला वेताळ आधीपासून दोन ठिकाणी माहीत होता. एक वेताळपंचविशीतला, प्रेतात शिरून राजाला कोड्यात टाकणारा. १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या ‘चांदोबा’ने हा वेताळ मुलांच्या अगदी ओळखीचा करून ठेवला होता. दुसरा गावाच्या वेशीवरचा, शेंदूर माखलेला, भुतांचा राजा आणि म्हणूनच भुतांपासून गावाचे रक्षण करणारा.

हा दुसरा वेताळ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांची मुळे कोकणात आहेत, आणि वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा त्यांच्या परिचयाचा आहे. या देवाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फेरी घालतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ली फॉकच्या नायकाचे बिरूद काय, तर ‘चालणारे भूत’! चारशे वर्षे मरण न आलेला, जंगलाची राखण करणारा, ज्याचे दर्शन क्वचित आणि खूण मात्र सर्वत्र. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी रचलेल्या या कल्पनेला मराठीत एक रिकामे आसन जणू तयारच होते. त्याला ‘वेताळ’ म्हटले आणि तो त्यावर जाऊन बसला. त्या शब्दाने मुलाच्या मनातल्या भीतीचा आणि भरवशाचा साठा एकदम उघडला. मूळ इंग्रजी नावात ही सोय नव्हती.

येथे भाषांतराच्या अडचणींचाही विचार करायला हवा, कारण भाषांतराच्या आपल्या चर्चेत कविता असते, नाटक असते, कॉमिक्स नसते. संवादाचा फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेला असतो. इंग्रजी अक्षरे एका ओळीत निमूट बसतात. देवनागरीला वर वेलांटी लागते, मात्रा लागते, खाली उकार लागतो. म्हणजे तेवढ्याच जागेत ओळी कमी मावतात. याचा परिणाम असा की कॉमिक्सची मराठी आखूड वाक्यांची, क्रियापदावर भार देणारी झाली. त्या काळातील छापील मराठी बहुधा पल्लेदार असताना मुलांना ही चटपटीत भाषा इथे वाचायला मिळत होती.

दुसरी गंमत ध्वनिवाचक शब्दांची. मराठीत अशा शब्दांचे भांडार प्रचंड आहे. खाडकन, सपकन, धाडकन, फाडकन, धप्पकन असे कितीतरी. पण व्याकरणाच्या दृष्टीने ही क्रियाविशेषणे आहेत. त्यांना क्रियापद लागते. खाडकन मुस्कटात बसते, धाडकन दार आपटते. कॉमिक्सच्या चौकटीत क्रियापद चित्रातच असते, त्यामुळे तेथे असा शब्द एकटा उभा राहू शकतो. वाक्याचा एक अर्धा भाग लिपीत आणि दुसरा रेषेत, ही रचना आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत कुठे नोंदलेली नाही.

सर्वांत अवघड निर्णय मात्र ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा. इंग्रजीतला एकच सर्वनामी शब्द सगळी नाती झाकून ठेवतो. मराठीत ती झाकता येत नाहीत. गुरानने वेताळाला काय म्हणावे? डायनाने त्याला लग्नाआधी काय म्हणावे आणि लग्नानंतर काय म्हणावे? वेताळाने गुंडाला अरे-तुरे केले तर चालेल, पण वृद्ध टोळीप्रमुखाला? या प्रत्येक ठिकाणी मराठी भाषांतरकाराला मूळ लेखकाने न घेतलेला निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय सामाजिक असतो.

हा प्रश्न मला विशेषतः लोथारमुळे पडतो. लोथार हा मँड्रेकचा आफ्रिकी सोबती, स्वतः राजपुत्र, जगातला बहुधा सर्वांत बलवान माणूस. सुरुवातीच्या वर्षांत तो चित्त्याचे कातडे पांघरून मोडकीतोडकी इंग्रजी बोलत असे. चित्रकार फिल डेव्हिस यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स आले, आणि लोथारच्या अंगावर नेहमीचे कपडे व तोंडी नीट भाषा आली. अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असतानाचा हा बदल आहे. लोथार मला आवडतो तो ताकदीमुळे नव्हे. एकाच पात्राच्या वेशात आणि बोलीत एका समाजाचे बदलते मन वाचता येते, म्हणून तो आवडतो. त्याने मँड्रेकला ‘तू’ म्हटले तर तो मित्र होतो, ‘तुम्ही’ म्हटले तर नोकर. इतके सारे एका सर्वनामावर अवलंबून आहे.

वेताळाच्या बाबतीतही ही बाजू नजरेआड करता येणार नाही. काळ्या लोकांच्या जंगलात न्याय देणारा गोरा माणूस ही कल्पना वसाहतवादाच्या पोटातून आलेली आहे. भारतीय प्रकाशकाला तिच्यातील निदान एक टोक बोचले होते. मूळ कथेतल्या जंगलाचे नाव बंगालशी जुळणारे होते आणि समुद्री चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची होती. इंद्रजालने जंगलाचे ‘डेंकाली’ केले आणि चाच्यांचे ‘सिंगा’. नावे बदलली, रचना तीच राहिली. तरीही आम्हां वाचकांना तो आपला वाटला, याचे श्रेय मी त्या जुन्या ग्रामदैवताला देतो. ज्याला आपण वेशीवर पाहिले होते त्याचा रंग आम्ही विचारला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न इंद्रजालनेच केला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स, आणि बाप डाकू. डाकूच्या मुलाने सूड न घेता गावकऱ्यांचे संरक्षक दल उभारावे, ही कथा चंबळच्या खोऱ्यातली. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने तेथील शेकडो डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती, ही पार्श्वभूमी वाचकाच्या मनात ताजी होती. वेताळाचा वारसा बापाकडून मुलाकडे शपथेने येतो. बहादूर मात्र बापाचा वारसा नाकारून नायक होतो. वंशपरंपरेच्या देशात हा फरक लहान नाही. सुरती हे गुजराती आणि हिंदीचे लेखक. दहिसरच्या पुढचे स्टेशन असलेल्या मीरा रोडला त्यांनी २००७ पासून प्लंबर सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचे काम आरंभले. बहादूरच्या नागरी संरक्षक दलाशी याचे नाते जुळवण्याचा मोह मला आवरत नाही.

आता चित्रकारांकडे वळू. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, १९८० मध्ये ‘टिंकल’. या दोन्हींच्या पानांवर मराठी नावांची रांगच लागते : राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे, प्रदीप साठे. सुप्पंडीला रूप दिले वाईरकरांनी, कालिया कावळ्याला साठ्यांनी. पुण्याच्या मुळीकांनी तर १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज उभा केला. यांतला माझा आवडता मात्र हळब्यांच्या कुंचल्यातला शिकारी शंभू. लुइस फर्नांडिस यांनी कल्पिलेला हा शिकारी वस्तुतः भित्रा. केवळ योगायोगाने वाघ पकडतो आणि शूर ठरतो. त्याची टोपी डोळ्यांवर इतकी खाली असते की डोळे कधी दिसतच नाहीत. चिमणरावाचे वाचक या माणसाला लगेच ओळखतील. धैर्याचा आव आणि त्यामागची घाबरगुंडी हा मराठी विनोदाचा जुना विषय हळब्यांनी एका टोपीत मावेल असा केला. शंभू इंग्रजी बोलला, पण त्याची चाल आपल्याकडची आहे.

मग मराठीत जन्मलेले, मराठीतच बोलणारे पात्र कोणते? दीर्घकाळ टिकलेले पहिले ठळक नाव चिंटूचे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली, म्हणजे इंद्रजाल बंद पडल्यानंतर जेमतेम वर्षभराने. चिंटूजवळ कवटीची अंगठी नाही, जादू नाही. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू आणि सोसायटीचे आवार एवढेच त्याचे डेंकाली. त्याच्या तोंडी मराठी आणावी लागली नाही, ती तेथेच होती. तरी त्या चार चौकटींतली आखूड, नेमकी वाक्ये ज्या वाचकांनी सहज स्वीकारली, त्यांचा कान आधीची पंचवीस वर्षे त्या अनाम भाषांतरकारांनी घडवला होता, असे माझे मत आहे.

अनाम हा शब्द मी जाणून वापरला आहे. मी पाहिलेल्या मराठी अंकांत ली फॉकचे नाव आहे, भाषांतरकाराचे नाही. शेक्सपिअरच्या मराठी रूपांतरकारांवर आपण प्रबंध लिहितो आणि ते योग्यच आहे. पण ज्याने वेताळाला आमच्याशी बोलते केले, तो कोण हे आपल्याला ठाऊक नाही. आणि येथे ग्रंथालयाचा मुद्दा पुन्हा येतो. हे अंक रद्दीतून आले, रद्दीत गेले. आज ते मुख्यतः हौशी संग्राहकांकडे आहेत आणि जुन्या कागदाच्या बाजारात चढ्या किमतीला विकले जातात. लोथारने मँड्रेकला ‘तू’ म्हटले की ‘तुम्ही’, हे विद्यार्थ्यांनी मराठी अंक सलग समोर ठेवून तपासायचे ठरवले, तर महाविद्यालयाचे ग्रंथालय त्यांना काय देणार?

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची कला महाराष्ट्राला परकी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथेही चित्र समोर असते आणि गोष्ट सांगणारा आवाज वेगळा असतो. त्या पोथ्या आपण वारसा म्हणून जपायला शिकलो, तेही उशिरा. इंद्रजालचा कागद हातकागदाइतका चिवट नाही, त्यामुळे येथे उशीर परवडणार नाही. ज्यांच्या माळ्यावर अद्याप एखादा गठ्ठा शिल्लक असेल, त्यांनी तो रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या मराठी विभागात एकदा विचारून पाहावे. आणि विभागातल्या आपण मंडळींनी तेव्हा नाक मुरडू नये.