गिअरबॉक्सचे तेल बदलणे (जास्त धावलेल्या मोटारीत)

मोटारीच्या गिअरबॉक्समधील तापून, झिजून कमकुवत झालेले तेल काढून योग्य प्रतीचे नवे तेल भरण्याची क्रिया. लाख किलोमीटरच्या पुढे रनिंग झालेल्या ऑटोमॅटिक गाडीत ही क्रिया साधी देखभाल उरत नाही. इंजिनाचे तेल बदलताना कोणी दोनदा विचार करत नाही, पण गिअरबॉक्सच्या तेलाला इतकी वर्षे कुणाचाच हात लागला नसेल, तर आता ते बदलावे की तसेच राहू द्यावे, या प्रश्नावर मालक आणि मिस्त्री दोघेही अडतात. या नोंदीत मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा विचार केला आहे. इतर प्रकारांची माहिती शेवटी थोडक्यात दिली आहे.

तेलाचे काम : ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल हा स्वतंत्र कामे करणारा एक भागच असतो. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमध्ये या तेलाच्याच प्रवाहातून पुढे जाते. कोणता गिअर लागायचा हे ठरले की व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद वाटांतून तेलाचा दाब योग्य क्लचपर्यंत पोचतो आणि त्याच्या प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात. दात्यांना वंगण देणे आणि आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे हेही त्याच तेलाकडे असते.

याहून अवघड काम घर्षणाचे आहे. क्लचच्या प्लेटा तेलात पूर्ण बुडालेल्या असतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना धरायचे असते. पकड एकदम आली तर गाडी झटका मारते, उशिरा आली तर प्लेटा घसरून जळतात. या दोन टोकांच्या मधला मार्ग तेलात मिसळलेली घर्षण-नियंत्रक रसायने काढून देतात. प्लेटांवरचे अस्तर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे आणि अतिशय पातळ असते. त्याचे आयुष्य बऱ्याच अंशी या रसायनांवर अवलंबून राहते. तेल जुने होते म्हणजे मुख्यतः ही रसायने संपत जातात. तेलाचा पातळपणा किंवा रंग बदलणे ही त्यामानाने दुय्यम बाब होय.

उष्णता हा तेलाचा सर्वांत मोठा शत्रू. गॅरेजच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यांत एक ठोकताळा नेहमी आढळतो. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दर १० ते ११ अंशांनी तेलाचे आयुष्य निम्मे होते, असे तो सांगतो. आकडे गाडीगणिक बदलतील, पण दिशा खरी आहे. त्यामुळे महामार्गावर एका लयीत दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी आणि शहरातल्या गर्दीत रोज तासभर रांगत ऐंशी हजारांवर आलेली गाडी यांत दुसरीचे तेल अधिक थकलेले असू शकते. सारखे थांबत-चालत जाणे, घाटरस्ते, कडक उन्हाळा आणि जड ओझे यांना बहुतेक सेवापुस्तिका ‘कठीण परिस्थिती’ म्हणतात. मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच गाड्यांसाठी ती रोजचीच परिस्थिती आहे.

इतिहास : जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला आणि १९४० सालच्या ओल्डस्मोबील मोटारींत तो बसवला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात एम-५ स्टुअर्ट आणि एम-२४ चाफी या अमेरिकी हलक्या रणगाड्यांतही तो वापरला गेला. या गिअरबॉक्ससाठी वेगळे तेल लागते हे मान्य करून कंपनीने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे मानक ठरवले. १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि १९६७ मध्ये ‘डेक्सरॉन’. गळती झाल्यास इंजिनाच्या तेलापासून वेगळे ओळखता यावे म्हणून या तेलात लाल रंग मिसळण्याची प्रथा पडली, ती आजही बरीच टिकून आहे.

या सुरुवातीच्या तेलांतील घर्षण-नियंत्रक द्रव्य स्पर्म व्हेल या महाकाय देवमाशापासून मिळे. त्याच्या डोक्यातील पोकळीतून आणि चरबीतून निघणारे तेल रासायनिकदृष्ट्या खऱ्या अर्थाने तेल नसून द्रवरूप मेण असते. धातूच्या पृष्ठभागाला ते घट्ट चिकटते, उष्णता सोसते आणि क्लचची पकड मऊ करते. रस्त्यावरच्या कौटुंबिक गाडीचा गिअर हळुवार पडावा म्हणून समुद्रातले जनावर मारले जात होते, हे गाडी वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असावे. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला, १९७३ मध्ये संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला, आणि तेल उत्पादकांना पर्याय शोधणे भाग पडले.

पहिला पर्याय निर्दोष नव्हता. ‘डेक्सरॉन-२’ मालिकेतील सुरुवातीच्या तेलाने रेडिएटरमधील कूलरच्या जोडांना गंज चढू लागला, म्हणून १९७५ मध्ये गंजरोधक घातलेली ‘२-डी’ ही प्रत आणावी लागली. त्याच सुमारास अमेरिका-मेक्सिको सीमेवरील सोनोरा वाळवंटातल्या होहोबा या झुडपाकडे संशोधकांचे लक्ष गेले, कारण त्याच्या बियांचे तेलही द्रवरूप मेणच असते. मुख्य प्रवाहातील तेले मात्र कृत्रिम रसायनांकडे वळली. ‘डेक्सरॉन-३’ १९९३ मध्ये आणि बरेच पातळ असे ‘डेक्सरॉन-६’ २००५ मध्ये आले.

फोर्डने वेगळी वाट धरली होती. त्यांच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण मऊ करणारी द्रव्ये नसत, त्यामुळे पकड कडक आणि झटपट होई. एका कंपनीचे तेल दुसरीच्या गिअरबॉक्सला चालत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे आणि आज ती कितीतरी वाढली आहे.

‘आयुष्यभराचे तेल’ : साधारण गेल्या पंचवीस वर्षांत अनेक कंपन्यांनी गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची गरज नाही असे सांगायला सुरुवात केली. जर्मनीतील झेडएफ कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिचे गिअरबॉक्स वापरणाऱ्या बीएमडब्ल्यूने या तेलाला आयुष्यभराचे म्हटले, तर खुद्द झेडएफ वापराच्या पद्धतीनुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. टोयोटाच्या ‘डब्ल्यूएस’ तेलाबाबत अमेरिकी पुस्तिकांत नेहमीच्या वापरात बदल सांगितलेला नाही. जड ओझे वाहणाऱ्या वा ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांसाठी मात्र ६०,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरचा टप्पा दिलेला आहे. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी एक सांगते आणि गाडी विकणारी दुसरे सांगते, तेव्हा बनवणारीचे ऐकणे अधिक शहाणपणाचे. पहिल्या मालकापाशी गाडी असेतो दोन्ही सल्ले सारखेच निभावतात. फरक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येतो.

जुन्या गाडीचा वाद : ‘इतकी वर्षे तेल बदलले नाही, आता बदलाल तर गिअरबॉक्स बसेल’ हा इशारा जगभरच्या गॅरेजमध्ये ऐकू येतो. त्यामागे दोन कारणे सांगितली जातात. क्लचच्या झिजलेल्या अस्तराचा चुरा जुन्या तेलात तरंगत असतो आणि त्यानेच पकड टिकून राहते, हे पहिले. नव्या तेलातील स्वच्छक द्रव्यांनी आत साचलेला मळ सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद वाटांत जाऊन अडकतो, हे दुसरे. पहिले कारण मोजमापापेक्षा सांगोवांगीवरच अधिक उभे आहे. दुसऱ्यात तथ्य असू शकते, विशेषतः यंत्राने जोराने तेल ढकलले असेल तर. याबाबत जाणकारांत एकमत नाही.

तिसरी शक्यता मात्र नेहमी लक्षात घ्यावी लागते. बहुतेक मालक गाडी झटके मारू लागल्यावर, गिअर उशिरा पडू लागल्यावरच तेलाकडे वळतात. तोवर अस्तर झिजून गेलेले असते आणि नवे तेल ते परत आणू शकत नाही. पुढे महिन्याभरात गिअरबॉक्स बंद पडला की दोष शेवटी झालेल्या कामावर येतो. म्हणून तेल बदलण्याआधी गाडी नीट चालवून पाहणे आणि जुन्या तेलाचा नमुना तपासणे ही कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. गिअर नीट पडत असतील, तेल काळपट असले तरी त्याला करपट वास येत नसेल, तर बदलावे. गाडी आधीच घसरत असेल आणि तेलाला जळका वास येत असेल, तर मालकाला स्पष्ट सांगावे की नव्या तेलाने झालाच तर थोडा फायदा होईल, ओव्हरहॉल टळेलच असे नाही.

दोष खरोखर तेलाचाच असल्याचीही ठळक उदाहरणे आहेत. जनरल मोटर्सच्या २०१५ ते २०१९ दरम्यानच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच थरथरत असे. मूळ तेल ओलावा शोषते असे आढळले आणि कंपनीने वेगळ्या सूत्राचे तेल ठरवून जुने पूर्ण धुऊन काढण्याची पद्धत आपल्या सेवाकेंद्रांना दिली.

पद्धती : सर्वांत साधी पद्धत म्हणजे खालचा ड्रेन नट उघडून जेवढे तेल निघेल तेवढे काढणे आणि तितकेच भरणे. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमधले तेल यात निघत नाही. समजा एकूण तेल साडेसात लिटर आहे आणि तीन लिटर निघाले, तर एका वेळी ४० टक्केच तेल नवे झाले. दुसऱ्यांदा केल्यावर हे प्रमाण ६४ टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे ७८ टक्के होते. जास्त धावलेल्या गाडीसाठी हीच पद्धत योग्य ठरते. मध्ये काही शे किंवा हजारभर किलोमीटर गाडी चालवून असे दोन-तीन टप्पे घेतले, तर बदल हळूहळू होतो आणि काही बिघडत असेल तर वेळीच कळते.

दुसऱ्या पद्धतीत खालचे चेंबर उघडून फिल्टर व गॅस्केटही बदलतात. झेडएफच्या सहा गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकचे चेंबर आणि फिल्टर एकत्रच असल्याने दोन्ही एकदम बदलावे लागतात. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकला असे चेंबर नसते, फक्त चुंबक बसवलेला ड्रेन नट असतो. तिसऱ्या पद्धतीत कूलरच्या नळ्यांना यंत्र जोडून सगळे तेल एका बैठकीत बदलतात. इतिहास माहीत नसलेल्या, जास्त धावलेल्या गाडीत दाबाने धुणारे यंत्र टाळलेलेच बरे.

काम करताना भरण्याचा नट आधी सुटतो का ते पाहावे आणि मगच खालचा उघडावा. तेल निघून गेले आणि वरचा नट गंजून बसलेला आढळला, तर गाडी जागची हलत नाही. निघालेले तेल मोजून ठेवावे. चेंबरमधल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पूड असणे स्वाभाविक आहे. टोचणारे धातूचे तुकडे किंवा काळे दाणे दिसले तर पुढचा विचार करावा लागतो. तेल गुलाबी, दुधाळ दिसले तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट मिसळले आहे. निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर आणि एक्सटेरा गाड्यांत हा दोष बराच गाजला. कूलंटमधील ग्लायकॉल अस्तराचा गोंदच सोडवते, त्यामुळे अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही.

पातळी मोजण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. जुन्या अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहतात, होंडात गाडी तापवून इंजिन बंद केल्यावर लगेच. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेल ठरावीक तापमानाला, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांना, आल्यावर ओव्हरफ्लोच्या छिद्रातून बारीक धार गळते का ते पाहतात. कमी तेलाने पंप हवा ओढतो आणि जास्त तेलाला फेस येतो.

तेलाची निवड : गाडीच्या पुस्तिकेत नाव दिलेले मानकच घ्यावे. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ तेल जास्त धावलेल्या गिअरबॉक्सला देऊ नये.

इतर प्रकार : मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसल्याने एका वेळी जवळजवळ सगळे तेल निघते आणि वरचा वाद उद्भवत नाही. ‘जीएल-४’ सांगितलेले असताना ‘जीएल-५’ तेल भरले तर त्यातील गंधक-फॉस्फरसची तीव्र द्रव्ये सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना खाऊ शकतात. एएमटी (क्लच व गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा जोडलेला मॅन्युअल गिअरबॉक्स) भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून आली. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच असून गिअर पाडणाऱ्या यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे असते. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) पोलादी पट्टा दोन शंकूच्या कप्प्यांमध्ये धरून ठेवण्याचे काम तेलाच्या घर्षणगुणावर चालते, त्यामुळे तिथे साधे ऑटोमॅटिक तेल कधीही भरू नये. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीत (दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये) तेल व फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलतात.

खर्च : गिअरबॉक्सचा प्रकार आणि तेलाचे मानक यांनुसार त्यात बरेच अंतर पडते.

विल्हेवाट : भारतात वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. २०२३ मधील दुरुस्तीने ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल उत्पादक व आयातदारांवर टाकली असून ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. घरी तेल बदलणाऱ्याने ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे किंवा तशी सोय असलेल्या गॅरेजकडे द्यावे. कूलंट किंवा ब्रेक ऑइल त्यात मिसळू नये, कारण मिसळलेले तेल पुन्हा शुद्ध करणे अवघड जाते.