वानरांची शीव

दिवाळीचा फराळ आणि वानरे यांचा संबंध शहरातल्या वाचकांस चटकन लागावयाचा नाही. आमच्या गोदाकाठी मात्र तो फार जुना आहे. अनारशांचे तांदूळ धुऊन माळवदावर पसरले की आजी माझ्या हातात चिव्याची काठी द्यायची आणि वर नेऊन बसवायची. "डोळा लावू नगं. वानरं येतील." वानरे यायचीच. पण आजीचा त्यातही एक भेद असे. एखाद्या वेळी ती मला काठी उगारू देत नसे. "आपल्या मारुतीचीच हायेत, मूठभर टाक अन् गप बस," म्हणे. आणि एखाद्या वेळी जात्यावरून ताडकन उठून ओरडे, "हाण रे! ही पल्याडची हायेत!" मला सगळीच काळ्या तोंडाची आणि लांब शेपटीची दिसत. म्हातारीला आपली कोणती आणि पल्याडची कोणती हे कसे कळते याचे हसू येई. पुढे पुष्कळ वर्षांनी पुस्तके चाळली तेव्हा कळले की, ज्या गोष्टीसाठी मोठमोठे पंडित दुर्बिणी घेऊन वर्षानुवर्षे झाडाखाली बसले, ती आमच्या आजीला जात्यावर बसून ठाऊक होती. वानरांच्या टोळीला शीव असते, आणि शिवेवर आलेला परका तिला खपत नाही.

आधी नावांचा घोळ निस्तरतो. आपण बोलताना सगळ्यांना माकड म्हणतो, पण परभणीच्या मुलखात घराघरावर दिसते ते वानर. काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, पाने ओरबाडून खाणारे. लाल तोंडाचे माकड निराळे, आणि त्याचे भाईबंद दक्षिणेकडचे टोपीवाले माकड आणखी निराळे. वानराला युरोपी शास्त्रात नाव मिळाले 1797 साली. बंगालमधल्या चंद्रनगरचा एक नमुना दुफ्रेन नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या हाती लागला आणि त्याने त्याला 'एंटेलस' म्हटले. हा एंटेलस म्हणजे व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यातला एक म्हातारा मुष्टियोद्धा. तरुण मल्ल आव्हान देत समोर नाचू लागतो, कोणी पुढे येत नाही, शेवटी हा म्हातारा उठतो आणि त्याला लोळवतो. दुफ्रेनने हे नाव का निवडले असेल ते असो. ज्याने दोन टोळ्यांची जुंपलेली पाहिली आहे त्याला ते चपखल वाटेल. आपल्याकडे मात्र हा योद्धा थेट मारुतीरायाच्या पदरचा. त्यामुळे त्याच्यावर हात उगारणे म्हणजे पाप, आणि त्याच्याविषयी काही वावगे ऐकणे म्हणजे त्याहून मोठे पाप.

याच श्रद्धेपायी आमच्या गावात एका माणसावर अन्याय झाला. तोच सांगावयास मी आज बसलो आहे.

साल 1990. मी दहा वर्षांचा होतो. नदीच्या वाटेवर मारुतीचे देऊळ, देवळामागे वड आणि वडाला लागून आमराई. त्या वडावरची टोळी म्हणजे 'आपली'. तिचा म्होरक्या एक थोराड हुप्प्या होता. त्याचा एक कान फाटलेला, म्हणून आम्ही पोरे त्याला कानफाट्या म्हणत असू. पहाटे तो वडाच्या शेंड्यावरून हूप घाली. मग नदीच्या वरच्या अंगाकडून दुसऱ्या टोळीचे उत्तर येई. त्या वर्षी चैत्रात मात्र तिसरीकडूनच हूप येऊ लागले. सहासात नुसतेच नर खालच्या अंगाने चढून आले होते. त्यांच्यात ना मादी ना पिलू. आठदहा दिवस आमराईत अक्षरशः रणधुमाळी चालली. फांद्या हलवणे, दात कराकरा वाजवणे, या झाडावरून त्या झाडावर दणादण उड्या. आम्ही शाळा बुडवून ती पाहिली. एके सकाळी कानफाट्या देवळाच्या कट्ट्यावर दिसला. मांडीचे मांस लोंबत होते. त्यानंतर तो गावात कुणालाच दिसला नाही. आलेल्या नरांपैकी एकच मागे उरला. बाकीच्यांना त्यानेच पिटाळले.

मग आठवडाभरात दोन पिल्ले मेली. पहिल्याकडे कोणी लक्ष दिले नाही. दुसरे सापडले ते आमराईतल्या राखण्याच्या माचाखाली.

राखण्या म्हणजे शेजारच्या मळ्यातला सालगडी. हातात गोफण, उशाला खड्यांची ओटी. कैऱ्यांचे दिवस, तेव्हा वानरांवर गोफण फिरवणे हे त्याचे कामच होते. गावाने दुसरा विचारच केला नाही. पंच बसले; त्यांत माझे वडीलही होते. तो माणूस हात जोडून म्हणाला, "अण्णा, म्या न्हाई मारलं. त्या नव्या हुप्प्यानं चावलं. म्या डोळ्यांनी बघितलं. एक म्हातारी वानरी त्याच्या अंगावर धावली, पर तिचं काय चाललं न्हाई. गोफणीच्या धोंड्यानं हाड मोडंल, दात कसे उमटतील? पिलू बघा की येकडाव." पण पिलू बघावयाचे कसे? तोवर त्याला लाल कापडात गुंडाळले होते, गुलाल उधळला होता, टाळमृदंग येऊन उभे होते. बाप पिलाला मारील, आणि तेही मारुतीच्या कुळातला! लोक चिडले ते पिलू मेले म्हणून जेवढे, त्याहून जास्त या बोलण्याने. दोनशे एक्कावन्न रुपये दंड, गावजेवण आणि डोक्याचा गोटा. त्याने शेळ्या विकल्या. वर्ष सरायच्या आत बायको आणि तान्ही मुलगी घेऊन तो गंगाखेडला हमालीला निघून गेला.

मीही त्याच्या गोट्यावर हसलो होतो, हे लिहून ठेवतो.

पुढे मी कसाबसा मॅट्रिक झालो, वस्तीशाळेवर मास्तर म्हणून लागलो, कादंबऱ्या लिहू लागलो. परभणीच्या कृषी विद्यापीठात एक मित्र नोकरीला आहे. त्याने एकदा एका इंग्रजी पुस्तकाचे बाड हाती दिले: "तुझ्या वानरांचं आहे, बघ." कोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचले. त्यातून जे समजले, आणि मग इकडून तिकडून जे जमवले, ते थोडक्यात असे.

1882 च्या एप्रिलात रीवा संस्थानातल्या सिंगपूर गावाजवळ ह्यूज नावाच्या इंग्रजाचा तळ पडला होता. त्याने दोन टोळ्यांचे युद्ध पाहिले आणि दोन वर्षांनी ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. एका बाजूचा धिप्पाड नर एकटा दुसरीकडच्या नरांशी भिडला होता. पारडे त्याच्याकडे झुकत होते, तोच समोरच्या दोन वानरी धावून आल्या आणि त्या जखमांनी तो मेला. म्हणजे शीव राखण्याचे काम नुसते नरांचे नव्हे. पण असली टिपणे गमतीजमतीत मोडत. वानरांचा पद्धतशीर अभ्यास सुरू व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली.

1961 साली सुगियामा नावाचे जपानी संशोधक धारवाडला आले. धारवाड म्हणजे आपल्या मराठी माणसाला घरचेच गाव. तिथल्या सागवानी रानात त्यांनी टोळ्यांना क्रमांक दिले आणि बसून राहिले. 1962 च्या उन्हाळ्यात सात नरांची टोळी एका कळपावर चालून आली. कळपाचा नर हुसकला गेला. आलेल्यांतला एक टिकला; त्याने आपल्याच सोबत्यांना पळवले. आणि मग तान्ही पिल्ले एकामागून एक चावून मारली गेली. हे वाचताना माझ्या हातातला कोश खाली पडला. धारवाडच्या रानाचे वर्णन नव्हतेच ते. आमच्या आमराईचा पंचनामा होता. सुगियामांनी एवढ्यावर न थांबता दुसऱ्या एका टोळीतला नर स्वतः पकडून बाजूला केला. काय होते ते पाहावयाचे होते. शेजारच्या टोळीचा नर शिवेवरून आत आला आणि तिथलीही पिल्ले गेली. अशा प्रयोगाने मास्तराच्या मनाला काय वाटते ते सांगत बसत नाही.

विद्वानांनीही प्रथम विश्वास ठेवला नाही. गर्दी झाली असेल, माणसाच्या संगतीने जनावर बिघडले असेल, असे म्हटले गेले. जोधपूरला मोहनोत यांनी तेच पाहिले, तरी शंका राहिली. मग सारा हर्डी ही अमेरिकन तरुणी 1971 साली अबूच्या पहाडावर आली. तिचा ग्रंथ 1977 साली निघाला. माझ्या हाती आलेले बाड तेच. तिचे म्हणणे असे: नर बिघडलेला नसतो, त्याचा हिशेब पक्का असतो. पिलू अंगावर पीत असेतो आईला पुन्हा दिवस जात नाहीत. आणि नराची सद्दी ती केवढी? अबूच्या टोळ्यांत दोनसव्वादोन वर्षे. तेवढ्यात दुसरा कोणी शिवेवर येऊन उभा राहणारच. तेव्हा आधीच्याची संतती संपवायची आणि आपली वाढवायची. पुढे नेपाळच्या रामनगरात आनुवंशिक द्रव्याच्या तपासण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष 1999 साली आले. पिलांवर हल्ले करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हतेच. आमच्या पंचांचे एक खरे होते, बाप पोराला मारीत नाही. पण तो नवा हुप्प्या बाप कुठे होता?

हर्डीबाईंच्या ग्रंथात एक म्हातारी वानरी आहे. तिचे नाव त्यांनी सोल ठेवले आहे. तिला स्वतःला पिल्ले व्हायचे वय कधीच सरले होते, टोळीत मान नव्हता, ती कडेकडेने एकटी बसे. पण परका नर पिलावर झडप घालू लागला की ही म्हातारी सर्वांच्या आधी त्याच्या अंगावर धावून जाई. त्या पानाशी मी थांबलो. "एक म्हातारी वानरी त्याच्या अंगावर धावली." मळ्यातला एक निरक्षर सालगडी हे रचून सांगू शकला नसता. मी कादंबरीकार आहे. रचलेले आणि पाहिलेले यांतला फरक एवढ्या वर्षांत मला कळू लागला आहे.

वानरांविषयी रचलेले अजूनही खपते. गोदावरीपलीकडे माजलगाव तालुक्यात लवूळ गाव आहे. तिथे 2021 च्या डिसेंबरात दोन वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेण्याचा सपाटा लावला. खाली पडून कितीतरी मेली. वर्तमानपत्रांत अडीचशेचा आकडा आला, आणि कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले त्याचा हा 'सूड' अशी कथा देशोदेशी गेली. नागपूरच्या वनखात्याच्या पथकाने ती दोन वानरे पकडली. एका खेड्यात कुत्र्यांची अडीचशे पिल्ले कुठून आली, हे विचारायला कोणी थांबले नाही. सुडाची गोष्ट माणसाला फार आवडते.

दिल्लीकरांनी तर वानराच्या या शिवेच्या भांडणातून पोटापाण्याचा धंदाच काढला. लाल तोंडाची माकडे वानराला बिचकतात; म्हणून सरकारी कचेऱ्यांवर वानर घेऊन माणसे नेमली. 2010 च्या राष्ट्रकुल खेळांतही वानरे पहाऱ्यावर होती. पुढे कायद्याने वानर बाळगणे अडचणीचे झाले, तेव्हा वानराचा आवाज काढणारी चाळीस माणसे कामावर असल्याचे 2014 साली संसदेत सांगितले गेले. 2023 च्या जी-ट्वेंटी परिषदेला वानरांच्या चित्रांचे पुठ्ठे उभारले. शिकून सवरून हूप करण्याची नोकरी!

इकडे लाल तोंडाचे माकडही स्वस्थ नाही. उत्तरेकडच्या त्या माकडाची दक्षिण हद्द तापी आणि गोदावरी, त्याखाली टोपीवाल्याचे राज्य, असे जुनी पुस्तके सांगतात. नवे अभ्यासक म्हणतात की ही शीव मोडली आहे. उत्तरेकडचे पाहुणे खाली सरकत आहेत आणि टोपीवाल्यांचा मुलूख आकसतो आहे. शहरांतून पकडलेली माकडे माणसेच दूर नेऊन सोडतात, हेही त्याचे एक कारण. आपण शीव ओलांडायला लावतो आणि मग घुसखोर म्हणून काठी उगारतो.

याला उलट एक उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या उपळ्याचे. तिथे गावच्या कागदोपत्री बत्तीस एकर जमीन वानरांच्या नावे लागलेली आहे, ही बातमी 2022 साली झळकली. ती कोणी आणि कधी लावली हे गावालाही सांगता येत नाही. लग्नकार्यात तिथे पहिला मान वानरांचा असे. बत्तीस एकर! आमच्याकडे भावाभावांत बांधाच्या वितीवरून डोकी फुटतात.

असो. ते पुस्तक वाचून झाल्यावर मी वडिलांना सगळे सांगितले. ते आता ऐंशीला टेकले आहेत. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दंडाच्या पैशातनं देवळाला घंटा घेतली होती. जरा जाऊन बघ, तो असंल तर."

तो नव्हता. गंगाखेडला त्याची मुलगी सापडली. बाजार समितीजवळ तिची चहाची टपरी आहे. मी बाकावर बसून धारवाड, अबू, सगळे सांगितले. ती उकळत्या चहावरचा डोळा न काढता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बापाला ठाऊकच हुतं की, गुरुजी. मरस्तवर सांगायचा. त्या म्हातारीचं लई सांगायचा." मी वडिलांचा निरोप दिला, पाकीट पुढे केले. ते तिने घेतले नाही. चहाचे पैसे मात्र मोजून घेतले. मी निघालो तेव्हा तिने विचारले, त्या वडावर अजून वानरं असतात का.

असतात, मी म्हणालो. परवाच नदीच्या खालच्या अंगाने चारदोन नुसते नर आले आहेत.